पद्मिनीला पेट्रोल पोचत नाही तेव्हा

चढावर गाडी धापा टाकते. मोकळ्या रस्त्यावर साठच्या पुढे गेली की झटके खाते. सिग्नलला बंद पडते आणि मग सेल्फवर सेल्फ मारावा लागतो. प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्या कुणालाही ही लक्षणं नवी नाहीत, आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलायचा, धुवायचा, परत बसवायचा. चार दिवस गाडी बरी चालते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. कारण कार्ब्युरेटर हे पेट्रोलच्या वाटेवरचं शेवटचं ठिकाण आहे. मागून जे येतं, किंवा येत नाही, त्याचा परिणाम तिथे दिसतो एवढंच. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करायची आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही १०८९ सीसीची गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून अहोरात्र पळत होती, तेव्हा तिचे भाग झिजून बिघडायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीचा तो काळ संपला. आज उरलेल्या पद्मिनी बहुतेक हौसेने जपलेल्या आहेत, महिन्यातून दोनतीनदा बाहेर निघतात. त्यामुळे आता त्यांचा आजार झिजण्यापेक्षा उभं राहण्याचा आहे: टाकीत गंज, फ्लोटच्या कप्प्यात (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा, त्याची पातळी तरंगता फ्लोट राखतो) सुकलेलं पेट्रोल, कडक झालेला डायफ्राम (पंपातला हलणारा पातळ पडदा), भेगाळलेल्या रबरी नळ्या. शोध घेताना हे मनात ठेवलं की निम्मा वेळ वाचतो.

आधी थोडं आगीबद्दल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. काम उघड्यावर करा. एबीसी पावडरचं किमान एक किलोचं एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, डिकीत नको. नळी सोडण्यापूर्वी बॅटरीची अर्थची वायर काढा. पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प वापरू नका, एलईडी टॉर्च घ्या. गरम इंजिनवर पेट्रोलची नळी सोडायची नाही; अर्धा तास थांबा.

दोष पेट्रोलचा की करंटचा?

कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे बरेच दोष पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइलचे, म्हणजे ठिणगी तयार करणाऱ्या भागांचे असतात. फरक ओळखता येतो. करंट तुटला की इंजिन चावी फिरवल्यासारखं एकदम बंद पडतं, झटका कडक बसतो, कधी सायलेन्सरमधून फटाका वाजतो. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू ढिली पडते, एक्सिलरेटर दाबला तर आणखी मरते, सोडला तर थोडी सावरते, आणि आवाज मागून येण्याऐवजी कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा येतो.

याहून पक्की परीक्षा चोकची. गाडी झटके खात असतानाच चोक अर्धा ओढा. लगेच सुधारली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. आणखी बिघडली तर मिश्रण आधीच घट्ट आहे किंवा दोष करंटमध्ये आहे. सोलेक्समध्ये, म्हणजे या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये, चोक म्हणजे घशावर बसणारं झाकण नव्हे. बाजूला एक फिरती चकती असते आणि तिच्यातून वेगळ्या जेटचं (बारीक भोकातून मोजून पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं) पेट्रोल आत जातं. त्यामुळे ‘चोक ओढला तरच चालते’ ही तक्रार बरंच सांगून जाते: चोकची वाट मोकळी आहे, फ्लोटच्या कप्प्यात पेट्रोल आहे, अडलेलं काहीतरी नेहमीच्या वाटेवर आहे. मात्र चोकची केबल पूर्ण मागे येते की नाही, हेही तेव्हाच पाहा. चकती जराशी उघडी राहिली तरी अ‍ॅव्हरेज पडतो आणि प्लग काळे होतात.

टाकीचं झाकण आणि मागची वाट

दहा-पंधरा किलोमीटर व्यवस्थित चालून गाडी मेली, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालू झाली, तर आधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर कारण सापडलं. पेट्रोल उपसलं जातं तेवढी हवा टाकीत जायला हवी. झाकणाचं बारीक भोक बुजलं की आत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. बदलून घातलेली बरीच झाकणं तर मुळात बिनभोकाची असतात. ही तपासणी फुकट आहे, दहा सेकंदांची आहे, आणि ती न केल्याने लोकांनी अख्खे कार्ब्युरेटर बदलले आहेत.

टाकी मागे, पंप पुढे इंजिनला. मधल्या लांब वाटेवर पंप पेट्रोल ढकलत नाही, ओढतो. इथे एक गोष्ट सहज निसटते: ओढणाऱ्या बाजूच्या नळीला भेग पडली तर पेट्रोल गळत नाही, हवा आत शिरते. खाली ओल नाही, वास नाही, सगळं कोरडं, आणि तरी पंपात निम्मी हवा. टाकीजवळचा रबरी तुकडा आणि पंपाजवळचा रबरी तुकडा दोन्ही वाकवून पाहा. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर बदला. शंका असेल तर पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पेट्रोल-नळी तात्पुरती लावून इंजिन चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे निघून गेल्यावर पेट्रोल अखंड वाहायला हवं. बुडबुडे येतच राहिले तर मागे कुठेतरी हवा शिरते आहे.

वाट तुंबली असेल तर पंपाकडे येणारी नळी पंपापासून सोडा, टाकीचं झाकण काढा आणि सायकलच्या पंपाने नळीतून मागे हवा मारा. टाकीत बुडबुड ऐकू आली पाहिजे. पंप जोडलेला असताना हवा कधीच मारू नका, त्याचे व्हॉल्व्ह आणि डायफ्राम खराब होतील. हवा मारल्यावर गाडी आठवडाभर नीट चालून पुन्हा अडली, तर टाकीतला गंज तळच्या जाळीवर परत येऊन बसतो आहे असं समजा. मग टाकी उतरवण्याला पर्याय नाही. केरोसीन आणि मूठभर छोटे नट आत टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवायची, सुटलेला गंज ओतून टाकायचा, निथळणाऱ्या पाण्यात लाल पूड दिसेनाशी होईपर्यंत धुवायची आणि पूर्ण वाळवायची. नट मोजून टाका आणि मोजून काढा. टाकीला आतून लावायचे स्वस्त लेप टाळलेले बरे. इथेनॉलने ते पापुद्र्यांसारखे सुटतात आणि गंजाहून वाईट अडथळा करतात. टाकी गळत असेल तर वेल्डिंग घरच्या घरी करायची गोष्ट नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

एसी पंप

गॅरेजमध्ये ज्याला एसी पंप म्हणतात, तो इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रामचा पंप. त्याची परीक्षा अंदाजाने करू नका, मोजून करा. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागातून) काढून अर्थला टेकवा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. कार्ब्युरेटरकडची नळी काढून जाड पारदर्शक बाटलीत सोडा. पाइप सोडताना काढलेली बॅटरीची वायर आता लावा आणि दहा-दहा सेकंदांचे तीन सेल्फ मारा, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट थांबा.

किती पेट्रोल यायला हवं? हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाताना गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला ८० ते ८५ मिलि पेट्रोल लागतं. पूर्ण दाबून चढ चढताना हे मिनिटाला २०० मिलिच्या पुढे जातं. म्हणून सेल्फच्या या तीस सेकंदांत किमान १०० मिलि, ठणठणीत पिचकाऱ्यांनी, आलं पाहिजे. ३०-४० मिलिच आलं तर गाडी जागेवर मजेत चालेल, रेस केली तरी चालेल, पण घाटात मरेल. ‘उभी असताना काही दोष नाही’ या वाक्याचा उगम बहुधा इथेच असतो.

बाटली तशीच पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. तांबूस पूड दिसली तर गंज.

पेट्रोल कमी येत असेल तर पंपाच्या टोपीखालची जाळी आधी साफ करा. टोपीचं पॅकिंग कडक झालं असेल तर तिथूनही हवा ओढली जाते. मग पंप काढून हातात धरा, आत येणाऱ्या तोंडावर बोट दाबा आणि लिव्हर दोनतीनदा हलवा. बोट चिकटलं पाहिजे आणि काही सेकंद चिकटून राहिलं पाहिजे. लगेच सुटलं तर आतला व्हॉल्व्ह धरत नाही किंवा डायफ्राम फाटला आहे. फाटलेल्या डायफ्रामची आणखी एक खूण डिपस्टिकवर सापडते: ऑइलची पातळी वाढलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास. असं असेल तर इंजिन अजिबात चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंप दुरुस्त करून ऑइलही बदला.

डायफ्राम बदलताना चूक एकाच ठिकाणी होते. वरच्या भागाचे स्क्रू आधी हलकेच लावा, लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि मग स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळा. लिव्हर मोकळी ठेवून आवळलं तर डायफ्राम ताणलेला बसतो, पूर्ण हालत नाही आणि काही महिन्यांत फाटतो. पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड फायबरचा तुकडा उष्णता अडवतो, आणि लिव्हर किती हलेल हेही त्याच्याच जाडीवर ठरतं. गळती थांबवायला तिथे दोनतीन जादा पॅकिंग घातली की पंपाचा टप्पा कमी होतो. मग नवा पंपही कमी पेट्रोल देतो आणि दोष त्याच्या माथी येतो.

आडवळणाचा उपाय म्हणून इलेक्ट्रिक पंप बसवायचा असेल, तर कमी दाबाचाच घ्या, २ ते ३ पीएसआयचा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर निडल (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई) त्याच्यापुढे टिकत नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडून वाहतो. इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडेल असा रिले त्यात हवाच, अपघातात हाच रिले आग टाळतो.

आता कार्ब्युरेटर

पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडापर्यंत पुरेसं येतं हे सिद्ध झालं, तरच पुढे या. नळी जिथे कार्ब्युरेटरला मिळते तिथे आतमध्ये बारीक जाळी असू शकते, ती विसरली जाते. झाकण काढण्याआधी एअर फिल्टर उतरवून घशात पाहा आणि थ्रॉटल (एक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने एकदम उघडा. एक्सिलरेटर पंपाच्या नळीतून पेट्रोलची बारीक, सरळ धार उडाली पाहिजे. धार नाही म्हणजे एकतर कप्पा कोरडा आहे, किंवा एक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम अथवा त्याची वाट गेली आहे. पाय दाबल्यावर क्षणभर गाडी बसते आणि मग उचलते, ही तक्रार याचीच.

झाकण काढल्यावर कप्प्याचा तळ वाचा. लाल पूड, काळी माती, पांढरट खडे, चिकट पिवळा थर: प्रत्येक गोष्ट मागचा काहीतरी हिशेब सांगते. लाल म्हणजे टाकी. काळी आणि मऊ म्हणजे नळीचं रबर आतून विरघळतं आहे. पांढरट म्हणजे पाण्याने कार्ब्युरेटरचाच जस्ताचा मिश्रधातू खाल्ला आहे. पिवळा थर म्हणजे पेट्रोल तिथेच सुकलं. कपडा मारून हे पुसण्याआधी नीट पाहून घ्या, हा पुरावा पुन्हा मिळत नाही.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ वाजली तर फुटला आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. आतलं पेट्रोल पूर्ण निघाल्याशिवाय सोल्डरिंगची कावी जवळ नेऊ नका. शिवाय सोल्डरचा गोळा वजन वाढवतो, फ्लोट खोल बुडतो, पातळी वर जाते. त्यामुळे नवा फ्लोट मिळत असेल तर तोच घ्या.

निडल व्हॉल्व्हची परीक्षा तोंडाने होते. झाकण उलटं धरा, म्हणजे निडल स्वतःच्या वजनाने बसते, आणि पेट्रोलच्या नळीवर स्वच्छ तुकडा लावून फुंका. हवा अजिबात जाता कामा नये. निडलच्या टोकावर गोल चर दिसली तर पूर्ण संच बदला, फक्त निडल नको. सोलेक्समध्ये या व्हॉल्व्हखालच्या वॉशरची जाडी म्हणजेच पेट्रोलची पातळी. जाड वॉशर घातला तर व्हॉल्व्ह फ्लोटच्या जवळ येतो, लवकर बंद होतो आणि पातळी उतरते; पातळ घातला तर उलट, पातळी चढते. वॉशर हरवला म्हणून दुसरा कुठला तरी लावला, यातून सुरू झालेला ओव्हरफ्लो महिनोन् महिने सापडत नाही. जुना वॉशर मोजून तेवढ्याच जाडीचा लावा.

जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिमी. जेटमध्ये तार, टाचणी, ड्रिल बिट काहीही घालायचं नाही. पितळ मऊ असतं, एका खरचट्याने भोक मोठं होतं आणि आकडा खोटा ठरतो. कार्ब्युरेटर क्लिनर फवारा, दहा मिनिटं मुरू द्या, हवा मारा. तरीही अडलं तर मासेमारीच्या बारीक नायलॉन दोऱ्याने साफ करा. खराट्याचा हीर मेन जेटला कधीकधी चालतो, पण आयडलिंगच्या (एक्सिलरेटर न दाबता इंजिन सावकाश चालण्याच्या) जेटचं भोक इतकं बारीक असतं की हीर आत तुटून बसतो. साफ झाल्यावर जेट उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ कडेचा प्रकाश दिसला तर झालं. कॉस्टिक सोडा आणि व्हिनेगर दोन्ही जस्त खातात, बॉडी त्यात भिजवू नका.

कुठलं जेट कुठलं लक्षण देतं, हे जोडून पाहिलं की सगळे जेट काढावे लागत नाहीत. आयडलिंगला टिकत नाही पण रेसला बरी चालते: आयडलिंगचं जेट किंवा त्याची बारीक वाट. आयडलिंग उत्तम पण वेगात कमी पडते: मेन जेट, किंवा मागून येणारं पेट्रोल. मधल्या वेगाला बरी आणि अगदी वरच्या वेगाला काळा धूर: वरचं एअर जेट बुजलं आहे. ते हवेचं जेट असल्याने त्याचं भोक लहान झालं की मिश्रण घट्ट होतं, हे ध्यानात ठेवा.

जेट साफ, पातळी बरोबर आणि तरीही आयडलिंग वरखाली होत असेल, तर हवा चोरून आत येते आहे. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाच्या जोडावर आणि मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीच्या) जोडांवर स्प्रे बाटलीने साधं पाणी मारा, डिस्ट्रिब्युटर आणि वायरींपासून दूर. आवाज बदलला ती जागा गळते. पेट्रोल किंवा क्लिनर मारून ही परीक्षा करणारे आहेत, पण गरम एक्झॉस्टजवळ तो जुगार खेळू नये. कार्ब्युरेटरचं बूड वाकणं हा जास्त आवळण्याचा परिणाम. सपाट काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर बूड घासा, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. थ्रॉटलची दांडी वरखाली हलत असेल तर पॅकिंगने काही होणार नाही, तिथे नवी बुश लागते.

उन्हाळ्यातलं दुखणं

विदर्भातल्या मे महिन्यात गाडी चांगली चालते, चहाला थांबते आणि वीस मिनिटांनी चालू होत नाही. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात आणि इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालचं तापमान उलट चढतं. पण याची दोन रूपं आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट. पंपात वाफ धरली असेल तर पेट्रोल येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा, थंड होऊ द्या. कप्प्यातलं पेट्रोल उकळून घशात सांडलं असेल तर पेट्रोल जास्त झालं आहे. एक्सिलरेटर सावकाश पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पंपिंग करू नका. घशात वास आणि ओल आहे की कोरडं आहे, हे पाहून ठरवा. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं आणि कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर असणं.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल

आता पंपावर मिळणारं ई२० या गाडीसाठी बनलेलं नाही, पण त्यावर ती चालवता येते. पहिलं काम रबराचं. नळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या घ्या, पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारा मागा, निडलचं टोक विटॉनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) असेल तर उत्तम. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवतं, म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलाच.

दुसरं, मिश्रण पातळ होतं. साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे त्याच जेटमधून इंजिनला सातआठ टक्के पेट्रोल कमी पडतं. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून समजा १२५ चं जेट असेल तर १३० ने आठ टक्के वाढ मिळते. एक पायरी, त्याहून जास्त नाही. आणि तीही प्लग पांढरे दिसत असतील आणि बाकी सगळी वाट तपासून झाली असेल तरच. तुंबलेल्या फिल्टरवर मोठ्या जेटचं औषध दिलं, तर फिल्टर बदलल्या दिवशी गाडी काळा धूर सोडेल.

तिसरं, इथेनॉल पावसाळी हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी राहील, आणि कार्ब्युरेटरकडची नळी काढून बंद करून इंजिन कप्पा रिकामा होईपर्यंत चालवा.

सगळं बसवल्यावर मिश्रणाचा स्क्रू अलगद आत नेऊन टेकवा. आवळू नका, टोक चेपतं. मग दीड फेरा बाहेर काढा. इंजिन पूर्ण गरम झालं की आयडलिंग मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, हा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात जलद आणि सलग चालेल ती जागा शोधा, आणि वाढलेला वेग थ्रॉटलच्या स्क्रूने पुन्हा खाली आणा. नंतर दहा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवा, शेवटचे दोन किलोमीटर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून, आणि गाडी सुरक्षित कडेला घेता घेता क्लच दाबून इंजिन बंद करा. थंड झाल्यावर चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. चारही फिक्या बदामी रंगाचे हवेत. चारही पांढरे असतील तर पेट्रोल अजून कमी पडतं आहे आणि पुन्हा बाटलीची परीक्षा करा. एकच पांढरा असेल तर त्या सिलिंडरजवळच्या मॅनिफोल्डच्या जोडावर पाणी मारून पाहा.